मेश बारीक केली की पीक लोड का घसरतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साध्या काँक्रीटचा, मधोमध खाच असलेला बीम कॉम्प्युटर मॉडेलमध्ये वाकवताय. मॉडेल छोट्या तुकड्यांत, म्हणजे एलिमेंटमध्ये, विभागलंय; या तुकड्यांची जाळी म्हणजे मेश. २० मिमीऐवजी ५ मिमीचे एलिमेंट घेतले तर पीक लोड, म्हणजे बीमनं पेललेला सर्वात जास्त भार, उतरला आणि त्यापुढचा आलेख एकदम कोसळला. मग खरी मेश कोणती, आणि आता एक्सएफईएमकडे (एलिमेंटच्या कडा न धरता तडा त्यांच्या आरपार जाऊ देणाऱ्या पद्धतीकडे) वळावं का?

दोन्हींपैकी एकही नाही, कारण गडबड मेशमध्ये नसून मटेरियलच्या इनपुटमध्ये आहे. तुम्ही टेन्शनमधलं सॉफ्टनिंग, म्हणजे ताणाखाली तडा सुरू झाल्यावर स्ट्रेस उतरत जाणं, स्ट्रेस-स्ट्रेनच्या रूपात दिलंय. सॉफ्टनिंग सुरू झालं की सगळं डिफॉर्मेशन एलिमेंटच्या एकाच रांगेत गोळा होतं. रांग जितकी अरुंद, तितकी तडा जायला लागणारी ऊर्जा कमी. मेश आणखी बारीक करत गेलात तर ही ऊर्जा शून्याकडे जाईल.

प्रत्यक्षात काँक्रीट एका झटक्यात सुटत नाही. तड्याच्या टोकापुढे सूक्ष्म भेगांचा पट्टा तयार होतो, खडी दोन्ही बाजू धरून ठेवते, आणि तडा रुंदावेल तसा स्ट्रेस उतरत जातो. हिलरबोर्ग आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये नेमकं हेच मांडलं: उतरता स्ट्रेस तड्याच्या रुंदीशी जोडायचा, स्ट्रेनशी नाही. त्या आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे फ्रॅक्चर एनर्जी, आणि ती मटेरियलची असते, मेशची नाही. १९८३ मध्ये बाझांट आणि ओह यांनी क्रॅक बँड मॉडेलमध्ये हीच ऊर्जा ठरावीक रुंदीच्या पट्ट्यात पसरवली. तुम्हाला हवंय ते हेच.

आकड्यांत बघा. टेन्साइल स्ट्रेंग्थ ३ एमपीए आणि फ्रॅक्चर एनर्जी ०.१४ न्यूटन प्रति मिमी धरा. सॉफ्टनिंग सरळ रेषेत असेल तर तडा ०.०९३ मिमी उघडल्यावर स्ट्रेस शून्य होतो. २० मिमीच्या एलिमेंटमध्ये त्याचा क्रॅकिंग स्ट्रेन (तड्याची रुंदी भागिले एलिमेंटची रुंदी) ०.००४७ येतो, ५ मिमीच्या एलिमेंटमध्ये ०.०१८७. तुम्ही दोन्हीकडे ०.००४७ च ठेवलात, तर बारीक मेशमध्ये फ्रॅक्चर एनर्जी पावपटच उरली. पीक लोड घसरणारच.

अबॅकस या सॉफ्टवेअरच्या डॅमेज प्लास्टिसिटी या काँक्रीट मॉडेलमध्ये टेन्शनचा डेटा स्ट्रेनऐवजी डिस्प्लेसमेंट किंवा थेट फ्रॅक्चर एनर्जीच्या रूपात देता येतो. तसा द्या. मात्र तड्याच्या वाटेवरचे एलिमेंट चौरसाच्या जवळ ठेवा, कारण सॉफ्टवेअर पट्ट्याची रुंदी एलिमेंटच्या आकारावरून ठरवतं. लांबट एलिमेंटमध्ये ती चुकते.

मग एक तपासणी कराच, ती मी कधीच टाळत नाही. बीमचे दोन तुकडे होईपर्यंत लोड द्या आणि लोड-डिस्प्लेसमेंट आलेखाखालचं क्षेत्रफळ मोजा. समजा बीमची रुंदी १०० मिमी आणि खाचेवरचा उरलेला भाग ५० मिमी, म्हणजे ५००० चौरस मिमी. गुणिले ०.१४ केलं की ७०० न्यूटन-मिमी. तडा सोडून बाकी बीम इलॅस्टिक राहिला आणि स्वतःचं वजन मॉडेलमध्ये नसेल, तर आकडा या आसपास यायलाच हवा. फार जास्त आला तर व्हिस्कॉसिटी पॅरामीटरकडे बघा. सोल्यूशन कन्व्हर्ज व्हावं, म्हणजे गणित मध्येच न अडकता उत्तरापर्यंत पोचावं, म्हणून तो वाढवला जातो, आणि काँक्रीटमध्ये नसलेली ताकद आलेखात दिसायला लागते.

एक्सएफईएमची घाई नको. तडा कुठून जाणार हे खाचेनं ठरवूनच दिलंय, त्यामुळे इथे त्याचा फायदा थोडा. शिवाय त्यालाही सॉफ्टनिंगचा नियम लागतोच. तो चुकीचा दिलात तर तिथलंही उत्तर चुकीचंच येईल.

वाकडा तडा जाणाऱ्या मॉडेलकडे गेलात की मग मात्र जपा. क्रॅक बँडमुळे ऊर्जा बरोबर येते, दिशा येईलच असं नाही. तडा मेशच्या रेषांना धरून चालायला बघतो. तीच मेश थोडी फिरवून पुन्हा रन करा. तड्याची वाटही सोबत फिरली, तर एक्सएफईएमचा विचार तेव्हा करा.