आडवं पडलं की लघवी किडनीतच साचते का?

प्रश्न: माझ्या सासऱ्यांचं खुब्याचं ऑपरेशन झालंय, वय ७४, दिवसभर पलंगावरच असतात. शेजारच्या काकू म्हणतात माणूस आडवा राहिला की लघवी किडनीतच साचते, म्हणून सारखं उशा लावून बसवा. बसवलं की ते कळवळतात हो. आणि उन्हाळ्यात पाणीपण कमीच पितात. काय करावं? – एक सून, मनीषनगर, नागपूर

उत्तर: ताई, एवढ्यासाठी त्यांना त्रास देऊ नका. लघवी किडनीतून नुसती उतारानं वाहत येत नाही, तिला ढकलत खाली आणलं जातं. किडनीपासून लघवीच्या पिशवीपर्यंत दोन्ही बाजूंना एकेक नळी असते, युरेटर म्हणतात तिला, लांबी साधारण २५ ते ३० सेंटीमीटर आणि रुंदी जेमतेम ३-४ मिलीमीटर, पण तिच्या भिंतीत स्नायू असतात. किडनीत जिथे लघवी आधी गोळा होते तिथल्या काही पेशी आपणहून ठेका धरतात आणि तिथून आकुंचनाची लाट निघते, मिनिटाला एक ते पाच वेळा, लघवी जास्त तयार होत असेल तर लाटापण वाढतात. झोपून घोट घेतला तरी पाणी पोटात जातंच ना, तसंच हे. किडनी बदललेल्या पेशंटमध्ये तर त्या नळीचे मज्जातंतू जोडलेलेही नसतात, तरी ती आपलं काम करते, मला हे आजही फार भारी वाटतं.

पुढच्या वेळी सोनोग्राफी झाली तर डॉक्टरांना कलर डॉप्लरवर, म्हणजे आतला प्रवाह रंगात दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर, दाखवायला सांगा. पेशंट पाठीवर सपाट झोपलेला असतो, पिशवी भरलेली, स्क्रीनवर ती काळी दिसते, आणि मधूनच खालच्या कोपऱ्यातून रंगाची एक चिळकांडी आत येते, थोड्या वेळानं दुसऱ्या बाजूनं. तीच नळीनं ढकललेली लघवी. नळी पिशवीच्या भिंतीतून तिरकी आत शिरते, म्हणून पिशवी भरली की तो भाग दाबला जातो आणि लघवी सहसा उलटी वर जात नाही.

म्हणजे झोपून राहणाऱ्यांची खरी काळजी खाली, पिशवीत आहे. या वयात प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांमध्ये पिशवीच्या तोंडाशी असलेली ग्रंथी, बऱ्याचदा वाढलेली असते, त्यात ऑपरेशन, दुखण्याची औषधं, बेडपॅनवर पडल्यापडल्या नीट होत नाही, मग पिशवी पूर्ण रिकामी होत नाही आणि इन्फेक्शन होतं. खूप तुंबली तर मात्र वर किडनीलाही सूज येते. शिवाय हालचाल नसली की हाडातलं कॅल्शियम लघवीत उतरतं, पाणी कमी असेल तर खडा व्हायची भीती. आपल्याकडे ४५ डिग्रीत तर पाणी पाजाच, फक्त हृदयाच्या किंवा किडनीच्या डॉक्टरांनी मोजून प्यायला सांगितलं असेल तर त्यांना विचारून. दिवसातून किती वेळा आणि किती लघवी झाली ते वहीत लिहून ठेवा. बसवणं-चालवणं फुफ्फुसांसाठी आणि पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून गरजेचं आहेच, पण ते कधी आणि किती हे ऑर्थोच्या डॉक्टरांना विचारा, आणि दुखण्याची गोळी आधी देऊन.

सहा-आठ तासांत लघवीच झाली नाही, ओटीपोट टणक लागतंय, थंडी वाजून ताप आला किंवा ते अचानक असंबद्ध बोलायला लागले, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच दवाखान्यात न्या.