मंगळवेढ्याला रेल्वेच नाही, मग ही गाडी कुठली?

प्रश्न : नमस्कार दादा, आम्ही जुळे सोलापूरला राहतो. मिस्टरांच्या ओळखीचे एक रिटायर काका आहेत, त्यांनी गच्चीवरच्या खोलीत छोटी रेल्वे मांडलीय, पंधरा-सोळा वर्षं करतायत म्हणे, आणि येत्या रविवारी बघायला या म्हणालेत. ती लाईन आहे सोलापूर-मंगळवेढा-पंढरपूर नॅरोगेज, साल १९३५. आता अशी लाईन कधी नव्हतीच ना! मुलगा नऊ वर्षांचा आहे, तो आत्तापासून उड्या मारतोय. पण आमचे सासरे कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात होते, सगळी नोकरी नॅरोगेजमधे गेली, ते म्हणतात जी लाईन झालीच नाही ती काय बघायची, तुम्ही जा. त्यांना कसं तयार करू? आणि आम्हाला यातलं काहीच कळत नाही, तिथे जाऊन नेमकं बघायचं काय?
(एक आई, सोलापूर)

उत्तर : ताई, पहिलं सांगतो, सासऱ्यांना काहीही करून न्याच. त्या खोलीत सगळ्यात जास्त कळणारा माणूस तेच असणारेत.

त्यांचं म्हणणं मला पटतं बरं का, ज्याने खऱ्या गाडीखाली पडून नट आवळलेत त्याला असं वाटणारच. पण कल्पनेतली लाईन म्हणजे वाट्टेल ते नाही, उलट खरी लाईन करणाऱ्याला फोटो बघून कॉपी करता येते आणि कल्पनेतली करणाऱ्याला प्रत्येक गोष्टीचं उत्तर स्वतः शोधावं लागतं की ही लाईन कुणी टाकली, पैसा कशाला घातला, त्यावरून जाणार काय. आणि त्या काकांनी निवडलेली कल्पना हवेतली नाहीये. सोलापूरला मोठी रेल्वे १८६० साली आली. बार्शी लाईट रेल्वे ही नॅरोगेज कुर्डुवाडी ते बार्शी १८९७ ला सुरू झाली, मग १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर आणि १९२७ ला मिरज. म्हणजे १९३५ साली पंढरपुरात नॅरोगेज होतीच, सोलापुरात गिरण्या जोरात होत्या, आपली जुनी मिल तर १८७७ ची, आणि मधे मंगळवेढा, ज्वारीचं कोठार, तिथे आजही रेल्वे नाही. पंढरपूरला रेल्वेने जायचं तर अजून कुर्डुवाडीचा वळसा. मग कुणाच्या तरी मनात येणारच ना की एक फाटा इकडून सरळ गेला असता तर!

आता काय बघायचं. गाडीकडे लगेच बघू नका, आधी माल बघा. ज्वारीची पोती, कापसाच्या गासड्या कुठे चढतात, कुठे उतरतात. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, सोलापूरला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर आणि ही नॅरोगेज ७६२, म्हणजे एकीचा डबा दुसरीवर जाणार नाही, हमालांनी इकडचं पोतं तिकडे करायचं. तशी दोन्ही रुळांच्या मधली मालधक्क्याची जागा काकांनी केली असेल तर समजा माणसाने खोल विचार केलाय. ही एक जागा बघूनच सासरेबुवा गप्प बसतील असं मला वाटतं, कुर्डुवाडीत हेच तर चालायचं.

मग नद्या. मंगळवेढ्याच्या रस्त्यावर तिऱ्हेला सीना लागते आणि बेगमपूरला भीमा, तर पूल दोन पाहिजेत आणि भीमेचा लांबलचक पाहिजे, पात्र पसरट, उन्हाळ्यातलं वाळूचं. १९३५ म्हणजे उजनी धरण नाही, पूर आला की नदी कुठवर यायची याचा काही नेम नाही, म्हणून पुलाच्या दोन्ही बाजूंचा भराव उंच हवा. आणि भराव मुरमाचा हवा हां, आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यावर नुसते रूळ टाकले तर एका वर्षात वाकडे. काकांनी भरावाला तांबूस रंग दिलाय का ते मुलाला शोधायला सांगा. बोगदा दिसला तर मात्र मी नक्की विचारीन, त्या सपाट माळावर डोंगर कुठून आणला म्हणून. गाडी लपवायला बरेच जण बोगदा करतात, ते मला नाही आवडत, झाडी किंवा गिरणीच्या भिंतीआड लपवता येते की.

लपवायची कशाला तर टेबलावर सगळी लाईन मावतच नाही. माप १:८७ असेल, म्हणजे सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान, तर सोलापूर ते मंगळवेढ्याचे साधारण ५५ किलोमीटर म्हणजे सव्वासहाशे मीटरहून जास्त होतात, गच्ची काय गल्लीसुद्धा पुरणार नाही! म्हणून दोन-तीन स्टेशनं निवडतात, बाकीचं गाळतात, आणि मागे एक लपवलेलं यार्ड ठेवतात जिथून गाडी 'लांबून' येते. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटनला ॲलन मॅक्लेलंड यांनी घराच्या तळघरात व्हर्जिनियन अँड ओहायो नावाची कल्पनेतली रेल्वे उभी केली होती, कोळसा वाहणारी, तिची ख्याती यासाठीच की तिच्या गाड्या खोलीच्या बाहेरच्या जगातून येतात आणि तिकडेच जातात असं वाटायचं. तर काकांना विचारा, पंढरपूरच्या पुढे गाडी कुठे जाते? मिरजेला म्हणाले तर त्यांच्या डोक्यात सगळा नकाशा आहे.

मुलासाठी एक काम देतो. नॅरोगेजची गाडी ताशी २५ किलोमीटरने जात होती असं धरा, तर १:८७ मधे ती सेकंदाला फक्त ८ सेंटिमीटर सरकली पाहिजे, म्हणजे चार मीटरच्या टेबलाला ५० सेकंद. घड्याळ लावून मोजू दे त्याला. मुलांना गाडी पळवलेली आवडते हे खरं, पण आषाढीची वारकऱ्यांनी भरलेली गाडी हळूहळू पुलावर चढताना एकदा बघितली की तोच म्हणेल हळू चालवा.

सासऱ्यांना घरातून निघायच्या आधी हे सांगा. १:८७ ला ७६२ मिलिमीटरचे होतात ८.७६, आणि बाजारात १:१६० मापाचे जे तयार रूळ मिळतात ते ९ मिलिमीटरचे. जवळजवळ तंतोतंत! ब्रॉडगेजवाल्यांना हे सुख नाही, १६७६ चे १९ मिलिमीटरहून जास्त होतात आणि तयार रूळ १६.५ चे. म्हणजे आपली बार्शी लाईट छोट्या मापात जास्त खरी उतरते. त्या लाईनीचे इंजिनिअर एव्हरार्ड कॅल्थ्रॉप, त्यांनी सगळी गाडी एका आसावर ५ टनांच्या वर वजन येऊ न देता आखली, म्हणून हलके रूळ चालले, आणि पुढे इंग्लंडमधे १९०४ ला लीक अँड मॅनिफोल्ड ही लाईन त्यांनीच याच गेजवर बांधली. कुर्डुवाडी-बार्शीवर शिकलेलं तिकडे गेलं, हे सासऱ्यांना ऐकायला आवडेल.

रुळांना बोट लावू देऊ नका, वीज रुळांतूनच इंजिनाला मिळते आणि बोटाचं तेल लागलं की गाडी अडखळते. खोलीत पंखा बंद असेल, उकडेल, पाणी बरोबर ठेवा पण बाटली टेबलावर नको.

आणि एक विनंती. जुने फोटो काळे-पांढरे, त्यात डब्यांचा रंग कळत नाही, काकांनी अंदाजानेच दिला असणार. सासऱ्यांना नोकरीला लागल्यावर जुन्या माणसांकडून कुठला रंग ऐकल्याचं आठवतं का ते काकांच्या समोर विचारा आणि मलाही कळवा.

प्रश्न : पुण्याला कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघून आलो, तेव्हापासून डोक्यातून जात नाही. घरात सहा बाय चार फुटांची जागा आहे. सोलापूर स्टेशन करू की मनातलं एखादं गाव?
(एक वाचक, होटगी रोड)

उत्तर : मनातलं गाव, डोळे झाकून. सोलापूर स्टेशन सहा फुटांत होणारच नाही, १:८७ मधे एक डबा सत्तावीस सेंटिमीटरचा, २४ डब्यांची गाडी २१ फूट लांब, मग तुम्ही ५ डब्यांची गाडी लावणार आणि दर वेळी बघताना खटकणार. त्यापेक्षा एखाद्या फाट्यावरचं शेवटचं स्टेशन घ्या, एक फलाट, एक मालधक्का, टाकीवालं छोटं इंजिन म्हणजे उलटंही चालतं आणि ते फिरवायला टर्नटेबल, म्हणजे फिरती गोल चकती, लागत नाही. गावाला नाव द्यायच्या आधी तिथे काय पिकतं ते ठरवा, ऊस म्हणालात तर गाळपाच्या दिवसांत किती वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, लागतील ते आपोआप ठरतं, तूर म्हणालात तर स्टेशन वेगळंच दिसेल.

आणि खोली पश्चिमेची असेल तर रूळ थंडीत जोडताना मधे बारीक फटी ठेवा, एप्रिल-मेमधे आपल्याकडे काय तापतं ते माहितीच आहे, घट्ट जोडलेले रूळ वाकून वर येतात. रोज रात्री जुनी सुती चादर अंथरा वरून, धूळ हा या छंदाचा सोलापुरातला सगळ्यात मोठा त्रास आहे.