उतरलास कसा, ते सांग

प्रिय मित्रा,

एव्हीएनमुळे (खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते मरतं, तो आजार) तिशीच्या आतच खुबा बदलावा लागला, ऑपरेशनला पाच महिने झाले, घरचा जिना चढताना आता काही जाणवत नाही, मग हरिश्चंद्रगडाला जाऊ का, असं तू विचारलंस. सर्जन म्हणतात "जपून". ग्रुपवाले म्हणतात "चल रे, पाचनईची वाट सोपी आहे." दोन्ही उत्तरं बिनकामाची, म्हणून तुझा गोंधळ समजतो. पण एवढ्या लांब पत्रात सगळं चढण्याबद्दल आहे. उतरण्याबद्दल एक ओळ नाही!

चढताना दम लागतो, माणूस थांबतो, विषय संपतो. उतरताना दर पावलाला अख्खं शरीर एका पायावर सावकाश खाली सोडायचं असतं. ते काम मांडीच्या पुढच्या स्नायूंचं आणि खुब्याच्या बाहेरच्या अंगाच्या ग्लुटियस मीडियसचं. आधी लंगडून आणि मग ऑपरेशनमुळे हाच स्नायू मागे पडतो. दुखणं गेलं म्हणजे तो परत आला असं नाही. साधं चालताना खुब्यावर वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. कृत्रिम सांध्यातच सेन्सर बसवून मोजलं, तेव्हा अडखळण्याच्या क्षणी तो आठ पटींवर गेलेला दिसला. आणि घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-दगडांच्या उतारावर, माणूस अडखळतो तो बहुतेक वेळा उतरताना.

आरशासमोर ऑपरेशनच्या पायावर ३० सेकंद उभा राहा. दुसऱ्या बाजूची कंबर झुकली, किंवा तोल सांभाळायला धड ऑपरेशनच्या बाजूला कललं, तर गडाचं नाव काढू नकोस. जमलं, तर २० सेंमीच्या पायरीवर ऑपरेशनचा पाय ठेव आणि दुसरी टाच तीन आकडे मोजत खाली टेकव. वजन न टाकता परत वर. दहा-दहाचे तीन फेरे, एक दिवसाआड. हाताशी कठडा असू दे. टाच दाणकन आपटली किंवा गुडघा आत वळला, तर पायरी १० सेंमीची कर. कंटाळवाणं आहे. तरी करायचं.

मग पर्वतीच्या १०३ पायऱ्या, मग वेताळ टेकडी, मग लोणावळ्याकडून राजमाची. लांब आहे, पण वाट बरीचशी सपाट. अंतर आणि उतार एकाच वेळी वाढवू नकोस. दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखत असेल, तर पुढच्या वेळी निम्मं. निघताना पेनकिलर घेऊन जाणं हा शुद्ध वेडेपणा, कारण थांब म्हणून सांगणारं दुखणं तेवढंच तर असतं. वजन टाकताच जांघेत कळ, ताप, जखमेतून पाणी, यातलं काहीही दिसलं तर थेट सर्जनकडे.

काठ्या दोन घे. सपाटीला कोपर काटकोनात येईल एवढी लांबी, उताराला ५ ते १० सेंमी जास्त. उंच टप्प्यावर आधी दोन्ही काठ्या खाली, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला. जो पाय वर राहतो तोच भार पेलतो. म्हणून व्यायामात ऑपरेशनचा पाय वर आणि गडावर मात्र चांगला. चढताना चांगला पाय आधी. पाठीवर सुरुवातीला पाच किलोच्या आत. शेवाळलेला कातळ या पावसाळ्यात नाहीच.

सर्जनना "ट्रेक करू का" विचारलंस तर "जपून" हेच ऐकायला मिळणार. चीर पुढून आहे की मागून, आणि निखळू नये म्हणून घातलेली बंधनं कधीपर्यंत पाळायची, ते विचार. मागून असेल तर गुडघा पोटाशी येऊन मांडी आत वळणं, हीच सांधा निखळण्याची स्थिती. हरिहर गडाच्या कातळातल्या खोबण्यांत आणि रतनगडाच्या शिड्यांवर नेमकं तेच होतं. राजगडाला जाशील तेव्हा पाली दरवाज्यानं जा, चोर दरवाज्यानं नको. उघड्यावर शौचाला खोल उकिडवं बसणंही त्यातच आलं. घडीचं कमोड-स्टूल मिळतं. लाज सोड आणि सॅकला बांध.

मी घाबरट वाटत असेन. वाटू दे. "आता फक्त बागेत फिर" म्हणणाऱ्यांशी माझं जन्माचं भांडण आहे. बसून राहून हा स्नायू आणखी झिजतो. पण आमच्या पिढीनं माथ्यावरचे फोटो जमवले आणि उतरताना पळण्याच्या शर्यती लावल्या. ते खूळ तुमच्यात आमच्याकडूनच आलं, याची बोच आहे. म्हणून पुन्हा पुन्हा तेच सांगतोय, ऐकून घे. उतरायला चढण्याएवढा, नाहीतर जास्तच वेळ धर. ग्रुपला तेवढं थांबवत नसेल तर ग्रुप बदल.

पुढच्या रविवारी पर्वतीला जा. वरून फोटो पाठवू नकोस. उतरताना कुणाला तरी मागून व्हिडिओ काढायला सांग, कमरेचा पट्टा स्पष्ट दिसेल असा, आणि तो पाठव.