पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग वारा कायम पूर्वेकडूनच का येत नाही?

कारण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. ती मागे राहिली असती, तर आमच्या सोलापुरात ताशी सुमारे १,५९० किलोमीटर वेगाचा पूर्व वारा लागला असता आणि एकही घर उभं राहिलं नसतं.

वारा सुटतो तो दाबातल्या फरकामुळे. पृथ्वीच्या फिरण्यानं तो फक्त वळतो. विषुववृत्तावरची जमीन ताशी १,६७० किलोमीटरनं पूर्वेकडे धावते, सोलापूर त्याहून थोडं हळू. विषुववृत्तावरून उत्तरेकडे निघालेली हवा तो जादा वेग घेऊन येते, म्हणून पूर्वेकडे, म्हणजे स्वतःच्या उजवीकडे झुकते. उत्तर गोलार्धात वारा कुठल्याही दिशेला निघो, वळतो उजवीकडेच. दक्षिण गोलार्धात डावीकडे. याचं गणित फ्रेंच शास्त्रज्ञ कोरिऑलिसनं १८३५ मध्ये मांडलं. मोसमी वारे विषुववृत्ताच्या पलीकडे आग्नेयेकडून येतात आणि अलीकडे आले की वळण उलटून नैऋत्येचे होतात, ते यामुळेच.

हे मला पुस्तकात वाचून नीट उमगलं नव्हतं, माळवदावर उमगलं. तुम्हीही करून पाहा. जुलैत सह्याद्रीनं पाऊस अडवलेला असतो आणि आपल्याकडे नुसता पश्चिमेचा वारा घोंघावत असतो. त्याच्याकडे पाठ करून उभे राहा आणि डावा हात आडवा पसरा. हात उत्तरेकडे जातो, आणि तिकडेच राजस्थानपासून बंगालच्या उपसागरापर्यंत कमी दाबाचा पट्टा असतो! हवेला खरं तर सरळ तिकडे जायचं असतं, पण उजवीकडे वळत वळत ती आपल्या डोक्यावरून पूर्वेला निघते. जमिनीच्या घर्षणामुळे कमी दाब हाताच्या थोडा पुढे असतो, इतकाच फरक. जानेवारीत, आमच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत वारा पूर्वेचा असतो. तेव्हा डावा हात दक्षिणेला जातो, कारण त्या वेळी जास्त दाब उत्तर भारतावर असतो.

ही खूण वळवाच्या वावटळीला मात्र लावू नका, बेसिनमधल्या भोवऱ्याला तर नाहीच. वळण दिसायला शेकडो किलोमीटरचा प्रवास लागतो. मोठ्या वादळाला ती चोख लागू पडते. ऑक्टोबर २०२० मध्ये आलं तसं बंगालच्या उपसागरातलं वादळ तेलंगणातून आपल्याकडे येत असेल, तर आधी उत्तरेचा वारा सुटतो. तो फिरून दक्षिणेचा झाला, की वादळाचं केंद्र पश्चिमेला सरकलं असं समजा.