लिलावात जुना इंग्लिश चांदीचा टीपॉट घेताना काय तपासावं?
आधी शिक्के. चालणारा सिंह म्हणजे ९२५ स्टर्लिंग, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी; जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम शहरात तपासलेला नग. ‘ईपीएनएस’ असेल तर नुसता चांदीचा मुलामा. झाकणावर शिक्का नसेल तर ते बदललेलं असू शकतं. मग तोंडाची वाफ सोडा: डाग देऊन जोडलेली जागा, ठिगळ क्षणभर वेगळं उठून दिसतं. करडा, मळकट सांधा बहुधा शिशाचा. पुन्हा तापवला की शिसं चांदी खातं, म्हणून दुरुस्ती कटकटीची. कोरलेलं नाव घासून खोडलेल्या जागी पत्रा पातळ होतो, अंगठ्याने हलकं दाबलं की लवतो. असा नग मी तरी सोडून देईन. बिजागरी आणि तोटीचं बूड उजेडासमोर धरा, सुईएवढं छिद्रही दिसतं. काळवटपणा निघतो, पॉलिशने झिजलेली नक्षी परत येत नाही.