स्पॉन्सरचे १२ हजार डॉलर शून्य धरा

प्रश्न: मुलगा अमेरिकेत कम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विद्यापीठाच्या टेनिस संघातून खेळतो. वर्षाचा खर्च ५२ हजार डॉलर, त्यातली ६० टक्के स्कॉलरशिप. आता दुसऱ्या विद्यापीठाचा कोच बोलावतोय. तिथे खर्च ५८ हजार, पण स्कॉलरशिप ७० टक्के, शिवाय तिथल्या एका कार डीलरकडून स्पॉन्सरशिपचे वर्षाला १२ हजार डॉलर. तिकडे सगळेच घेतात. आमच्यावर ३२ लाखांचं शैक्षणिक कर्ज आहे, व्याज साडेदहा टक्के. सांगलीचा राहता फ्लॅट तारण आहे आणि तीन वर्षांनी मी रिटायर होतोय. दोन वर्षांत २७ लाख वाचतील असा माझा हिशेब आहे. कॉलेज बदलावं का?

उत्तर: तुमचा गुणाकार मी तपासला. डॉलर ८८ रुपये धरला तर २७ लाख बरोबर येतात. पण त्यातले २१ लाख त्या कार डीलरचे आहेत, आणि ते मी शून्य धरतो.

कारण मुलाच्या पासपोर्टवर आहे. तो एफ-१ म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसावर गेलाय. या व्हिसावर कॅम्पसमध्ये आठवड्याला २० तास काम चालतं, बाहेर परवानगीशिवाय नाही. शोरूममध्ये फोटो काढून घेणं, इन्स्टावर गाडीची पोस्ट टाकणं, सह्या द्यायला उभं राहणं, हे सगळं पैसे घेऊन केलं की कामच झालं. तुम्ही लिहिलंय, ‘तिकडे सगळेच घेतात’. घेतात, पण ते तिथले नागरिक आहेत. १ जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर कमाई करायची मुभा मिळाली, ती खेळाच्या नियमांनी दिली. व्हिसाचा कायदा आहे तिथेच आहे. केंटकी विद्यापीठाचा तेव्हाचा बास्केटबॉलपटू ऑस्कर शिबवे मूळचा काँगोचा. देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरूनही त्याला अमेरिकेत जाहिराती करता येईनात. शेवटी ऑगस्ट २०२२ मध्ये संघ बहामाजला खेळायला गेला, तेव्हा त्याने ही कामं तिथे उरकली. देशाबाहेर काम करण्याची ही वाट तुमच्या मुलालाही आहे, सुट्टीत सांगलीत शूटिंग करता येईल, पण तेही इमिग्रेशन वकिलाला विचारूनच. आणि सांगलीत काढलेल्या फोटोसाठी तो डीलर १२ हजार डॉलर देईल का, हे तुम्हीच सांगा.

शिवाय आता ६०० डॉलर किंवा त्यावरचा असा प्रत्येक करार ‘निल गो’ या यंत्रणेत नोंदवावा लागतो. विद्यापीठाशी जवळीक असलेल्या देणगीदाराचा करार असेल तर तो खरंच धंद्यासाठी आहे का आणि रक्कम बाजारभावाला धरून आहे का, हे तपासलं जातं. टेनिसपटूला १२ हजार देणारा कार डीलर तिथे अडकू शकतो.

मग कोच हे आमिष का दाखवतोय? त्याच्या हातात फारसं काही उरलेलं नाही म्हणून. जून २०२५ मध्ये ‘हाऊस’ खटल्यातली (खेळाडूंनी कॉलेज क्रीडासंघटनेवर भरलेला खटला) तडजोड मंजूर झाली आणि विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले, २०२५-२६ साठी कमाल २ कोटी ५ लाख डॉलर. त्यातला मोठा वाटा फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जातो. पुरुषांच्या टेनिसला पूर्वी संघामागे साडेचार स्कॉलरशिपची मर्यादा होती. तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांना ती उरली नाही, पण वाढीव स्कॉलरशिपही ठरावीक रकमेपर्यंत त्याच २ कोटी ५ लाखांत मोजली जाते. म्हणजे दार उघडलं आणि तिजोरी बंद झाली. लुईझियाना-मनरो विद्यापीठाने तर २०२५ मध्ये महिला टेनिस संघच बंद केला. म्हणून नव्या विद्यापीठाला पहिला प्रश्न हा विचारा, की संघ बंद झाला तर स्कॉलरशिप पदवीपर्यंत चालू राहील का? उत्तर ॲथलेटिक विभागाच्या ईमेलवर हवं, कोचच्या व्हॉट्सॲपवर नको.

आता उरलेला हिशेब. आज तुम्ही वर्षाला २०,८०० डॉलर भरता, तिकडे १७,४०० भराल. फरक ३,४०० डॉलर, दोन वर्षांचे साधारण सहा लाख रुपये. सहा लाख काही थोडे नाहीत. पण बदली करताना सगळी क्रेडिट्स, म्हणजे पूर्ण केलेले विषय, नवीन विद्यापीठ मान्य करतंच असं नाही. एक सेमिस्टर वाढलं आणि स्कॉलरशिप चालू राहिली, तरी ८,७०० डॉलर म्हणजे साडेसात लाखांवर जातात. राहिली नाही, तर २९ हजार डॉलर, साडेपंचवीस लाख. त्यातून तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पदवीचा ४० टक्के अभ्यासक्रम पूर्ण नसेल, तर त्याला खेळताच येणार नाही, आणि ते ४० टक्के नव्या विद्यापीठाच्या पदवीवर मोजतात. कोणता विषय धरला, कोणता नाही, याची यादी कोच देत नाही, रजिस्ट्रारचं ऑफिस देतं.

आणखी एक. बदलीच्या पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या ऑनलाइन यादीत, नाव घातलं की सध्याच्या विद्यापीठाला ही टर्म संपल्यावर स्कॉलरशिप काढून घेता येते. (पोर्टलमध्ये नाव नसताना दुसऱ्या कोचने बोलणंही नियमात बसत नाही. हे गृहस्थ इथेच नियम वाकवत असतील, तर पुढच्या शब्दाची किंमत तुम्हीच ठरवा.)

माझं मत: क्रेडिट्सची यादी लेखी येऊन एकही सेमिस्टर वाढत नाही असं दिसलं आणि स्कॉलरशिपची हमी मिळाली, तर सहा लाखांसाठी बदलायला हरकत नाही. दोन्हींतलं एक जरी नसेल, तर आहे तिथेच राहू द्या. डीलरला मात्र दोन्हीकडे नाहीच म्हणायचं. मुलाची खरी कमाई पदवीनंतरच्या ओपीटीत, म्हणजे याच व्हिसावर तिथे नोकरी करायच्या परवानगीत, आहे, पहिलं एक वर्ष आणि त्याच्या विषयाला पुढची दोन. व्हिसाची अट मोडली तर तीच तीन वर्षं जातात, आणि तुमचं कर्ज फिटायचं आहे ते त्याच पगारातून.

कर्जाचं आजच करण्यासारखं काम वेगळं आहे. ३२ लाखांवर महिन्याला २८ हजार व्याज चढतंय. तुमची नोकरी चालू आहे तोवर निदान तेवढं भरत जा. शिक्षण चालू असताना व्याज भरणाऱ्याला बऱ्याच सरकारी बँका दरात एक टक्का सवलत देतात, शाखेत जाऊन विचारा. तुम्ही जुन्या करपद्धतीत असाल तर भरलेलं व्याज प्राप्तिकराच्या कलम ८०ई खाली उत्पन्नातून वजा होतं, नव्या पद्धतीत होत नाही. तुमची पद्धत पत्रात नाही. फॉर्म १६ची पहिली दोन पानं पाठवा, म्हणजे कोणती पद्धत परवडेल ते आकड्यात सांगतो.