‘सोडियमची गोळी’ म्हणावे का?

एका वाचकाची पृच्छा अशी आहे: गुडघेदुखीसाठी चिठ्ठीवर ‘डायक्लोफेनॅक सोडियम’ लिहून मिळाले आणि औषधाच्या दुकानात तिला ‘सोडियमची गोळी’ म्हटले गेले, हा शब्दप्रयोग योग्य आहे का, आणि तिच्याबरोबर घरातली पॅरासिटामॉल चालते का?

शब्दप्रयोग चुकीचा आहे आणि तो वारंवार कानी पडत असल्याने मला त्याचा संताप येतो. दुखणे शमवते ते डायक्लोफेनॅक. ते आम्लधर्मी असून पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून त्याचा सोडियम क्षार करतात. ५० मिलिग्रॅमच्या गोळीत सोडियम ४ मिलिग्रॅमही नसते. सोडियमची म्हणायचीच झाली, तर ती सोडियम बायकार्बोनेटची गोळी, जी मूत्रपिंडाच्या जुनाट विकारात रक्तातली आम्लता कमी करण्यासाठी देतात. दोन्हींना एकच नाव पडले, तर असा एखादा रुग्ण त्याच नावाने डायक्लोफेनॅक घेऊन येईल, आणि तेच औषध त्याच्या मूत्रपिंडाला आणखी इजा करू शकते.

आता ‘सोडियम’ या शब्दाकडे वळू. हम्फ्री डेव्ही याने १८०७ मध्ये दाहक सोड्यातून विजेच्या साहाय्याने हा धातू वेगळा केला आणि सोड्यावरूनच त्याचे नाव ठेवले, हे शाळेत शिकवतात. पण ‘सोडा’ कुठून आला? बरेच कोशकार तो क्षारयुक्त जमिनीत वाढणाऱ्या एका झुडपाच्या ‘सुव्वाद’ या अरबी नावापासून काढतात, कारण त्या झुडपांच्या राखेपासून सोडा मिळत असे. आपला सज्जीखारही अशाच राखेचा, त्यामुळे ही व्युत्पत्ती सहज पटते. मला ती पटत नाही. अरबीत डोकेदुखीला ‘सुदाअ’ म्हणतात. त्याच्या धातूचा अर्थ दुभंगणे, चिरणे असा आहे, आणि आपण ‘डोके फुटते आहे’ म्हणतो तेव्हा नेमकी हीच कल्पना मनात असते. इब्न सिनाच्या वैद्यकग्रंथाचे बाराव्या शतकात तोलेदो येथे लॅटिन भाषांतर झाले, त्यात डोकेदुखीसाठी ‘सोडा’ हाच शब्द वापरला आहे. डोकेदुखीवर दिल्या जाणाऱ्या वनस्पतीला ‘सोडानुम’ म्हणू लागले आणि तिच्या राखेला सोडा, असे या पक्षाचे म्हणणे आहे. कोशकार हे मत ‘संशयास्पद’ असा शेरा मारून एका ओळीत निकालात काढतात. पण लॅटिन वैद्यकात शतकानुशतके रुळलेला हा शब्द आणि राखेचा सोडा यांचे रूप हुबेहूब एक कसे, याचे उत्तर त्यांनी द्यायला हवे. वेदनाशामकाच्या नावातला ‘सोडियम’ मुळात वेदनेचेच नाव असावा, हे माझे ठाम मत आहे.

राहिला पॅरासिटामॉलचा प्रश्न. ती वेगळ्या गटातली असल्याने प्रौढ माणसाला डायक्लोफेनॅकबरोबर सहसा चालते, मात्र दिवसभरात ४ ग्रॅमच्या वर जाऊ नये; यकृताचा विकार असेल किंवा वजन फार कमी असेल, तर ही मर्यादा डॉक्टरांकडून आणखी खाली आणून घ्यावी. आयब्युप्रोफेन किंवा नेप्रोक्सेन मात्र डायक्लोफेनॅकबरोबर घेऊ नये, कारण तिन्ही एकाच गटातली आहेत आणि जठरात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. शिवाय डायक्लोफेनॅकच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेले असते, तेव्हा वाचकाने घरातली गोळी घेण्यापूर्वी पाकिटावरील घटक वाचून पाहावेत.